करणारा आणि करविणारा : मराठी मुद्रणातील अक्षरकार व चित्रकार यांच्या श्रमस्थितीचा इतिहास

श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेल्या लेखांची गणना मराठीच्या अगदी प्राचीन शिलालेखांत होते. त्यांतील दोन्ही मराठी वाक्यांचे क्रियापद एकच आहे : ‘करवियलें’. मूर्ती चावुंडराजाने करविली, सुत्तालय गंगराजाने करविले. ज्यांनी छिन्नी धरली त्यांचा निर्देश त्या वाक्यांत नाही, आणि व्याकरणाच्या दृष्टीने तो असण्याची आवश्यकताही नाही. प्रयोजक क्रियापदाचा विशेषच असा की, ते करविणाऱ्यास कर्त्याच्या स्थानी आणून बसविते आणि प्रत्यक्ष करणाऱ्यास ‘कडून’ वा ‘करवी’ या शब्दांच्या आश्रयाने मागे ठेवते, किंवा अजिबात गाळून टाकते. दानलेखांपुरती ही रीत समजण्यासारखी आहे; दान करणाऱ्याचे नाव टिकावे हाच त्या लेखांचा हेतू होता. परंतु अक्षरे व चित्रे घडविण्याचे काम छापखान्यात आल्यावरही वाक्यरचना फारशी पालटली नाही, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

ज्यास आज ‘ग्राफिक डिझायनर’ म्हणतात त्याचा व्यवसाय इ. स. २०२२ पासून मोठ्या अस्वस्थतेत सापडला आहे. शब्दांत आज्ञा लिहिली असता काही क्षणांत चित्र काढून देणारी यंत्रणा त्या वर्षी सर्वसामान्यांच्या हाती आली. या घटनेचे वर्णन बहुधा ‘अभूतपूर्व’ या विशेषणाने केले जाते. यंत्रापुरते ते खरे आहे. परंतु ज्यांच्या हातचे काम यंत्राने उचलले त्या माणसांची स्थिती, म्हणजे त्यांचे वेतन, त्यांचे नाव, त्यांचा कामावरील हक्क, ही या यंत्राच्या पुष्कळ आधीपासून घडत आली आहे. आणि तिचा मागोवा घेण्यास मराठी मुद्रणाचा इतिहास हे चांगले क्षेत्र आहे.

मुद्रणापूर्वीच्या स्थितीची साक्ष हस्तलिखित पोथ्यांच्या पुष्पिकांत मिळते. पोथी संपली की लेखनिक आपले नाव, गाव, शक, तिथी आणि ज्याच्यासाठी लेखन केले त्याचे नाव देई. पुष्कळदा त्यापुढे एक ठरीव संस्कृत श्लोक येतो, त्यात पाठ, कंबर व मान मोडून, खाली मुंडी घालून कष्टाने ग्रंथ लिहिला असल्याने तो जपावा अशी विनवणी असते. दुसऱ्या एका तितक्याच प्रचलित श्लोकात, जसे पाहिले तसे उतरविले, शुद्धाशुद्धाचा दोष लेखनिकास देऊ नये, असे सांगितलेले असते. हे श्लोक म्हणजे कोणा एकाचा उत्स्फूर्त उद्गार नव्हे. तेही पोथीतील मजकुरासारखेच उतरविले जात, आणि कित्येक ठिकाणी तर शुद्धाशुद्धाचा दोष नाकारणारा श्लोकच अशुद्ध लिहिलेला आढळतो. तथापि ती एका व्यवसायाची रूढी होती, हेच येथे महत्त्वाचे. शरीराला होणारा त्रास, जबाबदारीची मर्यादा आणि स्वतःचे नाव या तीन गोष्टी नोंदविण्यास त्या व्यवसायात मान्यताप्राप्त जागा होती.

छापील ग्रंथात ही जागा राहिली नाही. देवनागरी मुद्रण सुरू होण्यासच दीर्घ काळ लागला, आणि त्याचे एक कारण श्रमाचेच होते. गोव्यात छापखाना १५५६ मध्ये आला. तरी फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रोमन लिपीतच छापावे लागले. देशी लिपीत ग्रंथ छापण्याची त्याची इच्छा होती. परंतु युरोपातील चोवीस अक्षरांच्या ठिकाणी येथे सुमारे सहाशे साचे पाडावे लागतील ही अडचण त्याने १६०८ च्या पत्रात स्वतःच नमूद केली आहे. सहाशे साचे म्हणजे पोलादाच्या सहाशे कांड्यांच्या टोकांवर उलटे कोरलेले सहाशे आकार. हे काम करू शकणारा मनुष्य भारतात पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळाने पुढे आला, तो बंगालमध्ये. १७७८ मध्ये हुगळी येथे छापलेल्या हालेदच्या बंगाली व्याकरणातील अक्षरांसाठी चार्ल्स विल्किन्स याच्यासोबत पंचानन कर्मकार याने काम केले. ग्रंथाच्या प्रस्तावनेत धातुकाम, कोरकाम, ओतकाम व छपाई या सर्वांचे श्रेय एकट्या विल्किन्सला दिलेले आहे. पंचाननाचे नाव तेथे नाही. पुढे तो श्रीरामपूरच्या मिशनकडे गेला, तेथे त्याने व त्याचा जावई मनोहर याने भारतातील अनेक लिप्यांचे खिळे घडविले, आणि कॅरीच्या १८०५ मधील मराठी व्याकरणापासून मराठी मुद्रणही याच परंपरेच्या आधारे उभे राहिले.

मुंबईत हीच कथा निराळ्या तऱ्हेने घडली. निराळ्या अशासाठी की, येथे हाताने काम करणाऱ्यांपैकी काहींना मालक होता आले. गणपत कृष्णाजी यांनी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम पाहून स्वतः यंत्र बनविले आणि १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग छापले. शिळाछापात खिळे नसत. लेखनिक विशिष्ट तेलकट शाईने कागदावर लिही व तो मजकूर दगडावर उतरविला जाई. म्हणजे पोथी लिहिणारा हातच येथे कामास आला. केवळ पुष्पिका गेली आणि तिच्या जागी छापखान्याच्या मालकाचे नाव आले. त्या काळची शिळाछाप पुस्तके चाळताना एकाच छापखान्यातील दोन पुस्तकांतल्या अक्षरांच्या वळणातील फरक सहज लक्षात येतो. हात दोन आहेत हे डोळ्यांस दिसते, परंतु ते कोणाचे हे सांगता येत नाही.

जावजी दादाजी (१८३९–१८९२) यांचे चरित्र या दृष्टीने अधिक बोलके आहे. पितृछत्र लवकर हरपल्यामुळे ते लहानपणीच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात अत्यल्प वेतनावर खिळे घासण्याच्या कामास लागले. ओतलेल्या खिळ्याच्या कडांवर राहिलेला धातूचा कंगोरा दगडावर घासून काढणे हे ते काम. खिळ्याची धातू म्हणजे शिसे, अँटिमनी व कथील यांचे मिश्रण. त्याची भुकटी दिवसभर बोटांवर व श्वासात. ओतकामाच्या सर्व प्रक्रियेत याहून हलके काम नव्हते, आणि म्हणूनच ते मुलांकडे असे. परंतु याच कामात खिळ्याची उंची, त्याचा पाया, त्याचा तोल यांचे ज्ञान बोटांना होत असे. तेथे टॉमस ग्रॅहम याच्या देखरेखीखाली तयार होणारी अक्षरे पाहत पाहत जावजी शिकले, पुढे मुंबईतील अन्य छापखान्यांत अनुभव घेऊन १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा ओतकारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. निर्णयसागराच्या अक्षरांनी संस्कृत व मराठी मुद्रणास जे रूप दिले ते सुप्रसिद्ध आहे. त्या अक्षरांचे मूळ ठसे कोरण्यात त्यांचे स्नेही राणोजी रावजी आरू यांचा मोठा वाटा होता. अ. का. प्रियोळकर यांच्यासारख्या संशोधकांनी मुद्रणाचा इतिहास खणून काढला म्हणून आरूंचे नाव अभ्यासकांस ठाऊक आहे. ज्या हजारो वाचकांनी ती अक्षरे वाचली त्यांच्या लेखी तो ‘निर्णयसागर टाइप’ होय.

कायद्याचे संरक्षण या मंडळींपर्यंत पोहोचत नव्हते. १८८१ चा कारखान्यांविषयीचा पहिला अधिनियम यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर वा अधिक माणसे कामास असणाऱ्या कारखान्यांनाच लागू होता. १८९१ मध्ये ही संख्या पन्नासावर आली. हातयंत्रावर चालणारा दहा-पंधरा माणसांचा छापखाना या व्याख्येबाहेर राहिला. जुळाऱ्याचे वेतन पुष्कळ ठिकाणी पृष्ठावर किंवा फर्म्यावर ठरे, आणि मुद्रितातील चुका दुरुस्त करण्याचा वेळ त्यात धरला जात नसे. देवनागरीचा जुळारी कित्येकशे खिळ्यांच्या केसींपुढे उभा राहून काम करी. कान्या-मात्रांसाठी वेगळे तुकडे जोडण्याची जी ‘डिग्री’ पद्धत मुंबईत रूढ झाली तिने खिळ्यांची संख्या कमी केली, पण हातांच्या हालचाली वाढविल्या. खर्चात होणारी बचत व श्रमात होणारी वाढ एकाच सुधारणेतून उद्भवू शकतात, याचे हे एक जुने उदाहरण होय.

चित्रांच्या बाबतीत रविवर्मा यांच्या छापखान्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला व नंतर लोणावळ्याजवळ मळवली येथे गेलेला हा छापखाना जर्मन यंत्रे व जर्मन तंत्रज्ञ यांच्या साहाय्याने चाले. रंगीत शिळाछापात प्रत्येक रंगास स्वतंत्र दगड लागतो. मूळ तैलचित्रातील रंग मनाने विलग करून, प्रत्येक दगडावर ठिपक्यांनी हाताने काढून, ते एकावर एक बसतील असे करणे हे काम चित्रकाराचेच होते, मग त्यास कारागीर म्हटले तरी. लक्ष्मी व सरस्वती यांची जी चित्रे महाराष्ट्रातील घराघरांत गेली, ती वस्तुतः अशा अनेक हातांची कृती आहे. चित्राखाली नाव मात्र एकच असे. दादासाहेब फाळके यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी या छापखान्यासाठी काम केले होते हे सर्वांस माहीत आहे. त्यांच्याबरोबर दगडावर ठिपके काढीत बसलेल्यांची नावे सांगता येणार नाहीत.

विसाव्या शतकात या व्यवसायास प्रथम शिक्षण मिळाले आणि नवे नाव मिळाले. मुंबईचे सर ज. जी. कलाविद्यालय १८५७ मध्ये स्थापन झाले. त्यात व्यापारी कलेचा विभाग १९३५ मध्ये निघाला. व्ही. एन. आडारकर यांच्या नेतृत्वाखाली तो वाढला व १९५८ मध्ये उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. ‘कमर्शियल आर्टिस्ट’ पासून ‘उपयोजित कलाकार’ पर्यंतचा हा प्रवास केवळ भाषांतराचा नाही. पहिल्या नावात व्यापार उघड आहे. दुसऱ्यात तो ‘उपयोग’ या सौम्य शब्दाआड गेला आहे. १९४८ मध्ये मुंबईत कमर्शियल आर्टिस्ट्स गिल्ड स्थापन झाली तेव्हा व्यावसायिकांनी पहिलेच नाव पत्करले, हे त्यांच्या स्पष्टवक्तेपणास धरून झाले. वेतनाची कल्पना यावी म्हणून कलकत्त्याचे एक प्रसिद्ध उदाहरण घेता येईल. सत्यजित राय १९४३ मध्ये डी. जे. कीमर या ब्रिटिश जाहिरातसंस्थेत लागले ते दरमहा ऐंशी रुपयांवर. त्यांच्या हुद्द्याचे नाव ‘ज्युनिअर व्हिज्युअलायझर’. जाहिरातीवर त्यांचे नाव येण्याचा प्रश्नच नव्हता. सिग्नेट प्रेससाठी काढलेल्या मुखपृष्ठांमुळे मात्र ते वाचकांच्या ओळखीचे झाले.

जाहिरातीत नाव नाही, पुस्तकावर नाव आहे, हा भेद मराठीतही दिसतो. आणि येथे त्याला एक विशेष पुष्टी मिळाली ती दिवाळी अंकांमुळे. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढल्यापासून मराठीत चित्रकारासाठी एक वार्षिक हंगाम निर्माण झाला. श्रावणापासून आश्विनापर्यंत कामाची झुंबड आणि पुढे काही महिने शांतता, हा शेतीशी साम्य असणारा क्रम पुष्कळ चित्रकारांच्या आयुष्याचा भाग होता. गोमंतकातून आलेले दोन चित्रकार, दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) व रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६), यांनी या हंगामास जे स्वरूप दिले त्यात त्यांची स्वाक्षरी ही केंद्रस्थानी होती. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यातील ‘दलाल’ ही अक्षरे पाहून अंक घेणारा वाचक होता. त्यामुळे प्रकाशकास ती स्वाक्षरी पुसणे परवडणारे नव्हते. दलालांनी तर १९४५ मध्ये ‘दीपावली’ हा स्वतःचा अंक काढला. करणाऱ्याने करविणाऱ्याची जागा घेण्याचे जावजींनंतरचे हे ठळक उदाहरण. तथापि अशी उदाहरणे दोन-चारच सापडतात, आणि ती पुनःपुन्हा सांगितली जातात यावरूनच त्यांचे अपवादात्मक स्वरूप ध्यानात येते. त्याच अंकांचे ब्लॉक कोरणारे, रंगछटांचे पडदे जुळविणारे, शीर्षके रेखणारे यांची नावे अंकाच्या शेवटच्या पानावर बारीक टायपात आली तर आली.

हिंदी चित्रपटांचे व मराठी नाटकांचे फलक रंगविणाऱ्यांचा वर्ग यापासून किंचित वेगळा. त्यांस ‘पेंटर’ म्हणत आणि हे नाव आडनावासारखे लागे. कोल्हापूरचे बाबुराव पेंटर हे त्याचे सर्वांत सन्मान्य उदाहरण. मोबदला बहुधा चौरस फुटावर असे, आणि म. फि. हुसेन यांनीही मुंबईतील प्रारंभीच्या दिवसांत असे फलक रंगविले. अक्षरलेखनात कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांच्या शीर्षकांना स्वतंत्र व्यक्तिमत्त्व दिले. परंतु फलक रंगविणाऱ्या सामान्य पेंटरचा व्यवसाय एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी ‘फ्लेक्स’ छपाईने थोड्याच वर्षांत संपविला. या बदलाची नोंद कोणत्याही परिषदेत झाली नाही. ज्यांचे काम गेले त्यांतील काही फ्लेक्सच्या दुकानात संगणकापुढे बसले, काही घरांच्या भिंती रंगवू लागले.

संगणकाने मुद्रणात जी उलथापालथ केली तिची सुरुवात मॅकिंटॉश (१९८४), लेझर छपाईयंत्र व पेजमेकर (१९८५) यांपासून मानली जाते. मराठीसाठी पुण्याच्या सी-डॅक संस्थेची जिस्ट प्रणाली व मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी यांनी हे तंत्र गावोगाव नेले. जुळारी, ब्लॉक करणारा, चिकटकाम करणारा, रीटचिंग करणारा हे चार-पाच व्यवसाय एका टेबलावर एकवटले. आणि त्या टेबलामागील व्यक्तीस चारांचे वेतन न मिळता ‘डीटीपी ऑपरेटर’ हे एक नाव मिळाले. मराठी पुस्तकांच्या श्रेयपृष्ठावर मात्र ‘अक्षरजुळणी’ हा शब्द कायम राहिला. आज जुळविण्यासारखे काहीच नसताना तो छापला जातो. भाषेतील शब्द वस्तूपेक्षा अधिक काळ टिकतात हे भाषाभ्यासकांस नवे नाही. येथे त्या शब्दाने एक उपकारही केला आहे, तो असा की, जुन्या जुळाऱ्यास छापील पानावर क्वचितच मिळालेली जागा त्याच्या वारसास मिळाली.

याच काळात अक्षररचनेचे कार्य करणाऱ्यांत र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांचे स्थान मोठे आहे. जाहिरातसंस्थांत दीर्घकाळ काम करून ते आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापक झाले, आणि त्यांनी घडविलेला ‘मंगल’ हा टंक विंडोज प्रणालीबरोबर लाखो संगणकांवर गेला. मराठीत टंकलिखित अर्ज करणाऱ्या किती जणांना ‘मंगल’चा कर्ता माहीत असेल? आरूंच्या बाबतीत जे घडले तेच येथे, फक्त प्रमाण शेकडो पटींनी वाढले.

कायद्याकडे वळले असता हीच वाक्यरचना पुन्हा भेटते. १९५५ च्या श्रमिक पत्रकारांच्या अधिनियमाने पत्रकाराच्या व्याख्येत व्यंगचित्रकार, वृत्तछायाचित्रकार व मुद्रितशोधक यांची नावे घेतली. पानाची मांडणी करणारा अथवा शीर्षके रेखणारा यांची घेतली नाहीत. वृत्तपत्रांतील अन्य कर्मचाऱ्यांना त्या संरक्षणाचा लाभ १९७४ च्या दुरुस्तीने मिळाला. १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार अधिनियमाचे कलम १७ असे सांगते की, मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा पहिला स्वामी, अन्य करार नसल्यास, सांगणारा होय. नोकरीत असताना केलेल्या कृतीचा स्वामी मालक होय. कलम ५७ ने कर्त्यास आपले कर्तृत्व सांगण्याचा हक्क स्वामित्व गेल्यावरही राखून ठेवला आहे, हे खरे. परंतु तो बजावण्यासाठी न्यायालयात जाण्याची ऐपत असणारा उपयोजित कलाकार विरळा. आणि १९९४ च्या दुरुस्तीने संगणकनिर्मित कृतीचा ‘कर्ता’ कोण हे ठरविले ते असे : ती कृती निर्माण होण्यास जो कारण होतो तो. इंग्रजी कायद्याच्या भाषेतील हे प्रयोजक वाक्य मराठीत एका शब्दात सांगता येते : करविणारा. चावुंडराजाच्या लेखातील क्रियापद हजार वर्षांनी अधिनियमात आले, आणि या वेळी करणारा केवळ वगळलेला नाही. करणारा मनुष्य नाहीच, असे त्यात गृहीत धरले आहे.

ते गृहीत कितपत बरोबर आहे, हाच आजच्या वादाचा गाभा आहे. एप्रिल २०२२ मध्ये ‘डाल-ई’ची दुसरी आवृत्ती, जुलैमध्ये ‘मिडजर्नी’ची खुली चाचणी आणि ऑगस्टमध्ये ‘स्टेबल डिफ्युजन’ अशा तीन यंत्रणा पाठोपाठ आल्या. अडोबी कंपनीने मार्च २०२३ मध्ये ‘फायरफ्लाय’ आणून डिझायनरच्या नेहमीच्या साधनांतच हे तंत्र बसविले. यांपैकी बहुतेकांची रीत स्थूलमानाने अशी की, असंख्य चित्रांवर कृत्रिम धुरळा घालून तो दूर कसा करावा हे यंत्रास शिकवावयाचे, आणि चित्राजवळ असलेल्या शब्दांचा त्या शिक्षणात वाटाड्यासारखा उपयोग करावयाचा. मार्च २०२२ मध्ये जाहीर झालेल्या ‘लायन’ या संग्रहात चित्र व शब्द यांच्या सुमारे ५८५ कोटी जोड्यांची नोंद होती. त्या महाजालावरून यंत्राने गोळा केलेल्या होत्या. चित्रकारांची संमती विचारण्याची सोय त्या रीतीत नव्हती. म्हणजे यंत्राच्या कृतीमागे करणारे नाहीत असे नव्हे. ते इतके आहेत की मोजता येत नाहीत.

एक गोष्ट भाषिक दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. या यंत्रणेत चित्रकाराचे नाव परत आले, पण निराळ्या पदावर. पोलंडचे ग्रेग रुटकोव्स्की यांचे नाव २०२२ मध्ये असंख्य आज्ञांत लिहिले गेले, ‘त्यांच्या शैलीत’ चित्र मिळावे म्हणून. पूर्वी चित्राखालील नाव कर्ता सांगे. येथे ते ‘कसे’ या प्रश्नाचे उत्तर देते; व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर कर्तृपदाचे क्रियाविशेषण झाले. दलालांच्या स्वाक्षरीने प्रकाशकावर जो दाब ठेवला होता, तो अशा नावात उरत नाही. उलट नाव जितके प्रसिद्ध, तितका त्याचा वापर सोपा.

रोजच्या कामावर काय परिणाम झाला, याविषयी अतिशयोक्ती दोन्ही बाजूंनी होते. एका अभ्यासात, चित्रे काढणारी यंत्रणा आल्यानंतर मुक्त व्यावसायिकांच्या जागतिक बाजारपेठेत चित्रकामाच्या मागण्या सुमारे १७ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या अहवालात ग्राफिक डिझायनरचा व्यवसाय झपाट्याने घटणाऱ्या व्यवसायांच्या पहिल्या दहांच्या लगतच आला. आधीच्या आवृत्त्यांत तसे भाकीत नव्हते. दुसरीकडे पुष्कळ डिझायनर स्वतःच ही साधने वापरतात, आणि पार्श्वभूमी कापण्यासारखी कंटाळवाणी कामे क्षणात होतात याचा त्यांना आनंदही वाटतो. परंतु ‘डिग्री’ खिळ्यांच्या वेळी जे घडले त्याची पुनरावृत्ती येथे दिसते. वाचलेला वेळ करणाऱ्याच्या पदरी पडत नाही. पूर्वी तीन नमुने दाखवून भागत असे तेथे वीस मागितले जातात. कधी ग्राहक स्वतःच यंत्राकडून चित्र काढून आणतो व ते ‘नीट करून’ मागतो. नव्याने काढण्याचा दर निराळा व नीट करण्याचा निराळा. आणि सहावे बोट पुसून हात पुन्हा काढण्यास कोऱ्या कागदावर हात काढण्याहून कमी कष्ट पडतात, असे ज्यास वाटते त्याने ते कधी केलेले नसावे.

याहून गंभीर प्रश्न शिक्षणाचा आहे. पार्श्वभूमी कापणे, एकच जाहिरात वीस मापांत बसविणे, कथाफलकाची कच्ची चित्रे काढणे ही कामे हलकी खरी, पण नवशिक्यास धंद्यात प्रवेश मिळे तो त्यांतून. जावजी दादाजी खिळे घासताना अक्षर शिकले. ते काम लहान मुलास करावे लागणे हे निःसंशय निंद्य होते, आणि ते यंत्राने नाहीसे केले याबद्दल कोणी शोक करू नये. तथापि खिळे घासण्याची पायरी गेल्यावर शिकण्याची दुसरी कोणतीही पायरी बांधली नाही, तर ओतकारखान्याच्या माडीवर चढावयाचे कोणी, याचे उत्तर यंत्र देणाऱ्या कंपन्यांनी दिलेले नाही, आणि खरे पाहता ते त्यांचे कामही नव्हे. ते कलाशाळांचे व व्यावसायिकांच्या संघटनांचे काम आहे.

मराठी अक्षरकाराला काही काळ एक अनपेक्षित आसरा लाभला. २०२२ मधील यंत्रे अक्षरे काढीत नसत, अक्षरांसारखे दिसणारे आकार काढीत. देवनागरीत तर शिरोरेषा हुबेहूब असे आणि तिच्याखाली कोणत्याही लिपीत नसलेली चिन्हे लोंबत. कारण उघड आहे. देवनागरीत आकार व ध्वनी यांचा संबंध अक्षरसंधीतून ठरतो. वेलांटी उच्चारानंतर येऊनही आधी लिहिली जाते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, जोडाक्षरात अर्धे रूप वेगळे होते. केवळ आकारांच्या सान्निध्यावरून शिकणाऱ्यास ही व्यवस्था सहजी सापडत नाही. स्टीफन्सच्या सहाशे साच्यांची अडचण चार शतकांनी यंत्रापुढे उभी राहिली, असे म्हणण्याचा मोह होतो. पुढच्या पिढीच्या यंत्रांनी यात पुष्कळ प्रगती केली. तरी मराठीचा प्रश्न त्याने संपत नाही. २००९ च्या शासननिर्णयाने मराठीसाठी ‘ल’ व ‘श’ यांची विशिष्ट वळणे निश्चित केली. ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांतील भेद मराठीस आवश्यक, हिंदीस अनावश्यक. महाजालावर हिंदी मजकूर अधिक असल्याने यंत्राचे वळण हिंदीकडे झुकण्याचा संभव अधिक. हा झुकाव ओळखण्यास मराठी डोळा लागतो. आणि तो डोळा असलेला माणूस आज ‘दुरुस्ती’च्या दरावर काम करतो.

न्यायालयांतून येणारी उत्तरे अद्याप तुटक आहेत. अमेरिकेत सारा अँडरसन, केली मॅककर्नन व कार्ला ऑर्टिझ या चित्रकर्तींनी जानेवारी २०२३ मध्ये दाखल केलेल्या दाव्यातील प्रतिलिप्यधिकारविषयक मुद्दे ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने पुढे चालू ठेवले. तर थेलर प्रकरणात, मनुष्य कर्ता नसलेल्या कृतीस संरक्षण नाही, हा निर्णय मार्च २०२५ मध्ये अपिलातही कायम झाला. भारतात नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात एएनआय वृत्तसंस्थेने दावा लावला, तो लिखित मजकुरासंबंधी आहे. चित्रे त्याच्या कक्षेबाहेर राहतात. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या समितीच्या कार्यपत्रात अशी योजना मांडण्यात आली की, कंपन्यांना शिक्षणासाठी सर्व कृती वापरण्याची सरसकट अनुज्ञा असावी, त्याबद्दल त्यांनी उत्पन्नाचा काही अंश द्यावा, आणि एका मध्यवर्ती संस्थेमार्फत तो हक्कदारांत वाटला जावा.

या योजनेत हक्क मागण्यासाठी कृती व कर्ता यांची नोंद लागेल. दलाल वा मुळगावकर यांच्या वारसांस स्वाक्षरी दाखविता येईल. ज्याने १९७० च्या सुमारास एखाद्या मासिकाची शीर्षके रेखली, ज्याने १९९५ मध्ये एखाद्या पाठ्यपुस्तकाची मांडणी केली, अथवा जो आज एखाद्या जाहिरातसंस्थेत दिवसाला वीस नमुने काढतो, त्याला दाखविण्यासारखे काय आहे? मराठी पुस्तकाच्या श्रेयपृष्ठावर प्रकाशक, मुद्रक व मुखपृष्ठकार यांची नावे असतात. ‘अक्षरजुळणी’पुढे बहुधा एखाद्या संस्थेचे नाव असते, व्यक्तीचे नव्हे. आतील मांडणी कोणाची, शीर्षकाचे अक्षर कोणाचे, चित्र हाताचे की यंत्राचे, आणि यंत्राचे असल्यास ते दुरुस्त कोणी केले, यांसाठी त्या पृष्ठावर आजही ओळ नाही.